राक्षस चालतो, माय हरवलेली चालत नाही

आमच्या शाळेत पहिली ते सातवीची लेकरं एकाच खोलीत, एकाच टीव्हीसमोर बसतात. बीड जिल्ह्यातला डोंगरपट्टा, जिल्हा परिषदेची शाळा, लोकवर्गणीतून आलेला टीव्ही आणि महिन्यातून एका शनिवारी सकाळच्या शाळेत सिनेमा. सगळ्यांत जास्त मागणी जादूच्या सिनेमांना. राक्षस, उडते प्राणी, बोलणारी झाडं, खजिना शोधायला निघालेली पोरं. सहा वर्षांच्या पोरीपासून मिसरूड फुटू लागलेल्या पोरापर्यंत सगळ्यांना चालेल असा सिनेमा निवडायचा म्हणजे एकाच मापाचा सदरा बारा जणांना शिवायचा.

त्यात मी एकदा सपशेल चुकले. सिनेमा आदल्या रात्री बघून ठेवला होता. आग ओकणाऱ्या जनावराची लढाई कितव्या मिनिटाला येते ते लिहून घेतलं होतं, तिथं आवाज कमी करायचा हेही ठरलं होतं. ते जनावर आलं तेव्हा लेकरांनी शिट्ट्या मारल्या. पण सिनेमाच्या सुरुवातीलाच नायकाचे आईवडील कामासाठी दूर निघून जातात आणि थेट शेवटी भेटतात. ते मी लिहून घेतलंच नव्हतं. मधल्या सुट्टीत दुसरीतला एक मुलगा खिचडीचं ताट तसंच घेऊन माझ्याजवळ आला. ‘‘मॅडम, त्याची माय वापस येती का?’’ मी म्हटलं, येते, शेवटी येते. ‘‘मंग अजून किती टाइम हाय?’’ त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते, तो आजीपाशी राहत होता. सुट्टी संपायच्या आत मी त्याला एकट्याला शेवटची दहा मिनिटं दाखवली. मग त्यानं खिचडी खाल्ली.

तेव्हापासून पद्धत उलटी केली. पूर्वी मी सिनेमात काय काय आहे ते आधी बघायचे, आता समोर कोण बसणार आहे ते आधी बघते. पुढं लिहिलंय ते शाळेसाठी बसवलेलं आहे, पण मे महिन्यात मामाच्या गावाला चार वयांची सात भावंडं जमली की घरातही तेच लागू पडतं.

पहिलं काम: लेकराची वही

साधी दोनशेपानी वही घ्या आणि प्रत्येक लेकराला अर्धं पान द्या. वय लिहा, पण वयावर थांबू नका. पाच गोष्टींची नोंद करा: अंधार, मोठा आवाज, विद्रूप किंवा रंगवलेला चेहरा, एकटं पडणं आणि मरण. यातल्या कशाला ते लेकरू किती भितं?

विचारून उत्तर मिळत नाही. ‘भीती वाटते का रे’ म्हटलं की पोरगं छाती फुगवून नाही म्हणतं. उत्तर बघून मिळतं. दारात पोतराज आला, आसूड कडाडला की कोण पुढं पळतं आणि कोण मायच्या पदरात शिरतं? वरातीत डीजे सुरू झाला की कान कोण झाकतं? दसऱ्याला रावण पेटला की टाळ्या कोण वाजवतं आणि खांद्यावरून उतरायला कोण तयार नसतं? लाइट गेली की कोण कुणाचं बोट धरतं?

माझी निम्मी वही एका सहलीत भरली. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत शिरलो तेव्हा पाचवीतला एक दांडगा, एरवी कुणाला न मोजणारा पोरगा, वटवाघळांच्या वासात माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरून चालत होता. पहिलीतली एक चिमुरडी मात्र पुढं पुढं धावत ‘अजून हाय का अंधार?’ विचारत होती. त्याच दिवशी वेरूळला गेलो. कैलास लेण्यात रावण अख्खा कैलास हलवतोय, दशावतार लेण्यात नरसिंहानं हिरण्यकशिपूला धरलंय. एकही लेकरू घाबरलं नाही, उलट रावणाला किती हात यावरून दोघांत जुंपली. दगडातल्या राक्षसाला आवाज नसतो आणि तो अंधारातून अचानक तोंडापुढं येत नाही, म्हणून ती निवांत होती. तेव्हा वहीत नुसतं ‘राक्षसाला भितो’ लिहू नका. राक्षसाच्या दिसण्याला भितो की अचानक येण्याला, की त्याच्यासोबत वाजणाऱ्या ढोलांना, ते लिहा.

अर्ध्या पानाच्या तळाशी घरची परिस्थिती लिहा. आजोबा नुकतेच गेलेत का, आई दवाखान्यात आहे का, बाप मुंबई-पुण्याला कामाला आहे का, घरात भांडणं चालू आहेत का. जादूच्या सिनेमात पांढऱ्या दाढीचा शहाणा म्हातारा असला की तो बहुतेक वेळा मध्यावर मरतोच. ज्या घरात तीन महिन्यांपूर्वी आजोबा गेले तिथल्या लेकराला हा सिनेमा आत्ता नको, पुढच्या वर्षी चालेल.

दुसरं काम: सर्टिफिकेट वाचणं

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर काही सेकंद जो कागद दिसतो, तो बहुतेकांच्या नशिबी पॉपकॉर्न सांभाळण्यात जातो. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉर बोर्ड तो देतं. १९८३ पर्यंत वर्ग दोनच होते, सगळ्यांसाठी यू आणि फक्त प्रौढांसाठी ए. मग मधला यूए आला. १२ वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं की नाही ते पालकांनी ठरवावं, असा त्याचा अर्थ. २०२३ च्या दुरुस्तीनं या यूएचे तीन भाग केले, ७+, १३+ आणि १६+, आणि २०२४ च्या नियमांनंतर ते पडद्यावर दिसू लागले. जुन्या सिनेमांवर नुसतं यूए दिसेल. तो सिनेमा सात वर्षांच्या मुलाला चालेल की पंधराच्या, हे त्या दोन अक्षरांवरून कळत नाही.

ए असेल तर १८ वर्षांखालच्याला थिएटरात सोडायचं नसतं. यूए मात्र सल्ला आहे, दारावरचा माणूस अडवणार नाही. त्यामुळे ‘सोडलं ना आत, म्हणजे चालतं’ हा हिशेब चुकीचा. आणि ७+ म्हणजे सातव्या वाढदिवसाला केक कापला की लेकरू तयार, असंही नाही.

ॲपवरच्या सिनेमांचा वर्ग ॲपवाले स्वतःच ठरवतात. २०२१ च्या नियमांनी त्यांना तशी पाच वर्गांची चौकट दिली आहे. सोबत हिंसा, शिवीगाळ असं कारणही द्यावं लागतं. ते आकड्यापेक्षा जास्त कामाचं, ते वाचा. १३+ आणि त्यापुढच्या सगळ्याला कुलूप लावायची सोय असते. ते लावा आणि त्याचा पिन लेकराच्या जन्मतारखेचा ठेवू नका. आमच्या घरी असा पिन दोन दिवस टिकला.

परदेशी सिनेमावर पीजी (पालकांनी लक्ष घालावं) किंवा पीजी-१३ (तेराच्या आतल्यांसाठी पालकांनी जास्त सावध राहावं) असं दिसतं. यातला पीजी-१३ हा अमेरिकेतला वर्ग १९८४ साली आला. मुलांसाठी म्हणून आलेल्या साहसाच्या सिनेमांत फारच भीषण दृश्यं दिसली आणि पालक चिडले, त्यातून तो निघाला. म्हणजे आपल्याला पडलेला प्रश्न चाळीस वर्षं जुना आहे आणि तो याच जातीच्या सिनेमानं पाडलेला आहे.

तिसरं काम: चौकशी, आणि मग स्वतः बघणं

ट्रेलरवर विसंबू नका. ट्रेलरला मिळालेलं सर्टिफिकेट ट्रेलरपुरतं असतं. शिवाय त्यात सगळे विनोद आणि सगळे स्फोट एकत्र कोंबलेले असतात. त्याचा एक उपयोग मात्र आहे. तो आधी आवाज बंद करून आणि मग आवाजासकट बघा. दुसऱ्या वेळी तुमच्याच पोटात गोळा आला तर भीती आवाजात आहे. ती घरी रिमोटनं कमी करता येते, थिएटरात नाही.

आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर सिनेमाच्या पानावर पालकांसाठी वेगळा भाग असतो. प्रेक्षकांनीच लिहिलेला, पण बऱ्याचदा दृश्यागणिक. लोक तिथं हिंसा आणि चुंबन शोधतात. तुम्ही भीतिदायक दृश्यांचा कप्पा आधी उघडा. कॉमन सेन्स मीडिया ही अमेरिकी संस्था वयाचा आकडा देते आणि त्यामागची कारणंही सांगते. आकडा सोडून द्या, कारणं वाचा, आणि ती वहीशी ताडून बघा.

सगळ्यांत भरवशाचं म्हणजे आदल्या रात्री स्वतः बघणं. ‘तेवढा वेळ कुणाला आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी: पहिली पंधरा मिनिटं आणि शेवटचा पाऊण तास बघा. पहिल्या पंधरा मिनिटांत कोण मरतं, कोण घर सोडतं, कोण अनाथ होतं ते कळतं. जादूच्या सिनेमाची गाडी बहुधा तिथूनच सुटते. शेवटच्या पाऊण तासाच्या सुरुवातीला सगळ्यांत काळोखा भाग येतो, नायक हरलेला, मित्र मेलेला वाटणारा, गाव जळत असलेलं. तो किती मिनिटं चालतो ते घड्याळ लावून मोजा. दोन मिनिटांचा काळोख सहा वर्षांचं लेकरू निभावतं. पंधरा मिनिटांच्या काळोखात ते हरवतं, मग शेवट कितीही गोड असो.

कागदावर मिनिट लिहा आणि पुढं एकच शब्द: आवाज, चेहरा, रक्त, मरण, ताटातूट. राक्षसाबरोबर ‘ताटातूट’ लिहायला विसरू नका. मी विसरले होते.

चौथं काम: वय आणि वही एकत्र ठेवणं

तीन ते पाच वर्षांच्या लेकरांबद्दल मोठी माणसं सगळ्यांत जास्त चुकतात, म्हणून इथं जरा थांबते. अमेरिकेत जोआन कँटर आणि सिंथिया हॉफनर या अभ्यासक बायांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लेकरांना एका बाईची गोष्ट पडद्यावर दाखवली. काहींना ती दिसायला छान दाखवली, काहींना भयाण. काहींच्या गोष्टीत ती मायाळू वागली, काहींच्या गोष्टीत दुष्ट. तीन ते पाच वर्षांची लेकरं चेहऱ्यावरून निवाडा करायची, नऊ-दहा वर्षांची वागण्यावरून. म्हणजे आपण ज्याला ‘अगं, तो चांगला राक्षस आहे’ म्हणतो तो चार वर्षांच्या पोरीला भीतीच घालणार, तिला त्याचं चांगलेपण दिसतच नाही. आणि गोड हसणारी कपटी राणी तिला आवडते.

याच वयाला सगळ्यांत वाईट म्हणजे रूप बदलणं. ओळखीचा चांगला माणूस डोळ्यांदेखत जनावर होतो, आई दगड होते. या लेकराला ते कायमचं वाटतं. माझ्या बहिणीच्या चार वर्षांच्या लेकीनं असं एकच दृश्य बघितलं, तेही मोठ्यांच्या मांडीवरून ओझरतं. पुढं आठवडाभर बहीण डोळे मिटून पडली की ही तिच्या पापण्या बोटानं उघडून बघायची. या वयाला पाऊण तासापेक्षा मोठा सिनेमा मुळातच नको, आणि रूप बदलत असेल तर अजिबात नको.

सहा ते आठ वर्षांची लेकरं ‘हे खोटं असतं’ म्हणतात, पण काळजाला ते पटलेलं नसतं. इथं राक्षस दुय्यम. ताटातूट, हरवणं, कुत्र्याचं किंवा घोड्याचं मरण हे मुख्य. बैल, शेरडं, कुत्री घरात असलेली लेकरं जनावराच्या मरणाला जास्त रडतात, असं माझं निरीक्षण आहे. या वयाला शेवट आधी सांगा. मोठ्यांना वाटतं त्यानं मजा जाईल. जात नाही. शेवट माहीत असला की लेकरू मधला काळोख निवांत बसून बघतं.

नऊ ते अकरा वर्षांच्यांना भीती हवी असते, घोळक्यात बसून, एकमेकांना चिमटे काढत. त्यांना खऱ्या वाटणाऱ्या गोष्टी जपा. पोरं पळवणारा माणूस, विहिरीत पडणं, आग. ड्रॅगन त्यांच्या गावात येणार नाही हे त्यांना कळतं, पळवणारा येऊ शकतो हेही कळतं. बारा-तेरानंतर भीतीचा प्रश्न मागं पडतो. तिथं सूड गोड करून दाखवलाय का, छळाची मजा घेतलीय का, बाईमाणसाला कसं वागवलंय, हे बघा. आणि काळा रंग, कुबड, तुटका दात असलेलाच नेहमी दुष्ट का, हे सातवीच्या वर्गात एकदा विचारून बघा. गेल्या वर्षी यावर अर्धा तास वाद रंगला, गणिताचा तास गेला.

नकलेची नोंद वेगळी ठेवा, ती वयाला जुमानत नाही. उडणाऱ्या पोराचा सिनेमा झाल्यावर आमच्या गावात तिघं पाठीला टॉवेल बांधून कडब्याच्या गंजीवरून उडाले. एकाचा हात प्लास्टरमध्ये गेला. उडणं, आगीशी खेळणं, पाण्यात सूर मारणं असलं काही सिनेमात असेल तर तो सुरू व्हायच्या आधीच बोला. नंतर सगळे गंजीवर असतात.

भाषेची गोम

याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. आपल्याकडं हे सिनेमे बहुतेक हिंदीत डब केलेले येतात. मराठी घरातल्या, गावातल्या सहा-सात वर्षांच्या लेकराला ती वेगवान हिंदी निम्मीच कळते. सिनेमातला धीर बहुधा संवादांत असतो: ‘घाबरू नकोस, हा आपला मित्र आहे.’ तेवढंच वाक्य निसटतं आणि गुरगुरणं मात्र पूर्ण पोचतं. त्यामुळे तोच सिनेमा शहरातल्या हिंदी सराईत मुलापेक्षा आमच्या लेकरांना जास्त भयाण होतो. खाली ओळी येत असल्या तरी चौथीच्या आत कुणी त्या वेगानं वाचत नाही. म्हणून वहीत हिंदी किती कळते तेही लिहा, आणि कमी कळत असेल तर वयात मनानंच एक-दोन वर्षं उणे करा. घरी बघताना मधेमधे आपल्या बोलीत सांगत राहा: ‘बघ, ती त्याला सांगायली, मी हाय ना म्हणून.’ शेजारच्यांना त्रास होतो, होऊ द्या.

थिएटर की घर

सहाच्या आतल्यांना पहिला जादूचा सिनेमा घरीच, दिवसा, खिडकी उघडी ठेवून. थिएटरात न्यायचंच तर दुपारचा खेळ, कडेची खुर्ची, मागची रांग. कानात घालायला कापूस न्या, हसू नका, तो खरंच कामाला येतो. थ्रीडीचा चष्मा लहानग्यांच्या नाकावर टिकत नाही, टिकला तर राक्षस अंगावर येतो. एकानं लहान्याला घेऊन बाहेर पडायचं हे आधीच ठरवून जा. नाहीतर ऐन वेळी ‘तू जा, तू जा’ होतं आणि लेकरू मधे रडत बसतं. आपल्याकडं मध्यंतर असतं ही मोठी सोय. तिथं विचारा, ‘पुढं बघायचं का घरी जायचं?’ आणि घरी म्हणालं तर खरंच उठा. तिकिटाचे पैसे गेले म्हणून ओरडलात तर पुढच्या वेळी ते खोटं सांगेल.

बघताना

सिनेमाकडं कमी आणि लेकराकडं जास्त बघा. रडणं ही शेवटची खूण. आधीच्या खुणा बारीक असतात: खाणं थांबतं, पाय वर खुर्चीत जातात, ‘शू लागली’ तिसऱ्यांदा येतं, ‘संपलं का’ विचारलं जातं, किंवा एरवी बडबडणारं पोर चिडीचूप होतं.

चार वर्षांच्याला ‘अरे, ते खोटं असतं’ हे सांगून उपयोग नाही. त्याला मांडीवर घ्या, पाणी द्या, हातात काहीतरी खायला द्या, पदर द्या, बाहेर नेऊन आणा. लहान्यांना अंगाचा धीर लागतो. नऊ वर्षांच्याला उलट सांगितलेलं कळतं: हे कॉम्प्युटरवर केलंय, त्या माणसानं हिरव्या पडद्यापुढं उभं राहून काम केलंय. आणि वयानं मोठ्या भावंडांना आधीच दम द्या. ‘भित्रट’ हा शब्द एकदा पडला की ते लेकरू पुढचे सगळे सिनेमे दात-ओठ खाऊन बघेल आणि भीती कुणाला सांगणार नाही.

नंतर

त्या रात्री लाइट चालू ठेवायला सांगितलं तर ठेवा. दुसऱ्या दिवशी कागद आणि रंग द्या. आमची लेकरं राक्षस काढतात आणि मग त्याला चड्डी घालतात, चष्मा घालतात, एकीनं त्याला रेशन कार्ड दिलं होतं. घाबरलेल्या लेकरापुढं तोच विषय उकरत बसू नका, पण ते बोलायला लागलं तर हातातलं काम ठेवून ऐका. झोप उडणं, अंथरूण ओलं होणं, एकटं शाळेत न जाणं असं दोन-तीन आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखवा.

वहीत त्या सिनेमापुढं प्रत्येकाची एक ओळ लिहा, तारखेसकट. वर्षभरानं तीच वही उघडली की कोण किती पुढं सरकलंय ते दिसतं आणि कोणता सिनेमा परत काढायचा ते ठरतं. लेकरं परत तोच सिनेमा मागतात. मागू द्या. त्या दुसरीतल्या मुलानं आईवडील कारखान्यावरून परत आल्यावर तोच सिनेमा मागितला, या वेळी पहिल्यापासून. शनिवारी सकाळी टीव्ही जोडत होते तेव्हा दारात येऊन म्हणाला, ‘‘मॅडम, मायला पण बोलवू का?’’ ती बाहेर, चपला काढून उभीच होती.